आक्कांचे गोणपाट

चौदा जून, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. गेल्या वर्षीची गोष्ट आहे. पेडगावच्या आक्कांचा फोन आला. फोनवर ख्यालीखुशाली विचारण्याची त्यांना सवय नव्हती. “बी निघालं न्हाई,” त्या म्हणाल्या. “शंभरातले अडतीस.”  त्याच सोयाबीनच्या एकशेवीस पिशव्या मी दोन दिवसांपूर्वी झरी गावाला पाठवल्या होत्या. आक्कांना ते ठाऊक नव्हते.

परभणीत शेतकऱ्यांनीच उभारलेल्या एका कंपनीचे बियाण्याचे गोदाम मी सांभाळतो. आक्का आमच्या गिऱ्हाईक. पाच एकरांच्या धनीण. उगवणीच्या छापील आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. वाचता येत नसे म्हणून नव्हे. सातवीपर्यंत शिकल्या होत्या. नवा माल उतरला की पिशवीवरची चिठ्ठी पुरती वाचत आणि मग पदर पुढे करून दाणे मागत. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर रांगेने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सातव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरांच्या वर निघाले तरच माल गावांना जाई. ही रीत जुनीच आहे. लोक आपल्या पेरणीपुरती ती घरी पाळतात. आक्कांनी ती गोदामाच्या दारापर्यंत आणली. प्रारंभी मी विरोध केला. गिऱ्हाइकाने माल न्यावा, गोदाम चालवू नये, असे बोललो. त्यावर त्या म्हणाल्या, “चावी तुमची, रान आमचं. ह्यो कुठला इन्साफ, सायेब?”  मी दाणे दिले.

मागणीदेखील त्या कागदावर आणत नसत. अक्षय्यतृतीया झाली की झरी-पेडगावची घरे पायी फिरत. जे वाण हवे त्याचे चार दाणे घरच्या बाईने चिंधीत बांधून द्यायचे; जितक्या पिशव्या हव्यात, तितक्या गाठी. कोणती चिंधी कोणाच्या लुगड्याची, हे त्यांना पाठ असे. पूर्वी वरून जे वाण येई ते मी उतरवून घेत असे आणि त्यातले बरेचसे गोदामातच जुने होई. गाठी येऊ लागल्यापासून ते थांबले. हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही.

गेल्या वर्षी माल उशिरा आला. वळवाची ओल जमिनीत होती आणि झरीची माणसे रोज फाटकाशी येऊन उभी राहत होती. आक्कांनी दाणे नेताना सात दिवस थांबा म्हणून बजावले होते. पाचव्या दिवशी मी चिठ्ठीवरचा आकडा पाहिला आणि ट्रक सोडला.

हे मी फोनवर सांगितले.  त्यांनी एवढेच विचारले, “पेरलं का कुणी?” मला माहीत नव्हते.

आठ वाजता त्या चिंध्यांचे बोचके घेऊन गोदामाशी आल्या. आम्ही जीपने निघालो. वाटेत त्यांनी मांडीवर बोचके सोडले आणि झरीच्या चिंध्या वेगळ्या केल्या. ज्यांची राने चढावर, ती आधी वाफशावर येतात, पेरणी तिथे आधी होते. म्हणून त्या घरांच्या चिंध्या वर ठेवल्या.  रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

झरीत पारासमोर पेरणीयंत्र जोडलेला ट्रॅक्टर सुरूच होता. माणसे गोळा झाली. आक्का बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुमी सांगा. मी सांगितलं तर गाऱ्हाणं व्हईल. तुमी सांगितलं तर बी माघारी येईल.”

मी सांगितले. उगवण न पाहता माल पाठवला, चूक माझी, हे बी पेरू नका. ट्रॅक्टर बंद झाला. एक म्हातारा म्हणाला, “बी माघारी न्यायलाव, तर वळीव बी घेऊन जावा सायेब.” कोणी हसले नाही. आक्का म्हणाल्या, “वळीव थांबत न्हाई म्हनूनच सायेब धावत आलेत. पिशव्या भायेर काढा, दादा.” पहिली पिशवी त्या म्हाताऱ्यानेच आणून टाकली.

एकेका घरासमोर चिंधी दाखवायची, गाठीइतक्या पिशव्या मोजून घ्यायच्या, असे दुपारपर्यंत चालले. एकशे सतरा पिशव्या परत आल्या. उरलेल्या तीन दामू नावाच्या शेतकऱ्याने आदल्या संध्याकाळी पेरल्या होत्या. त्याची बायको दारात उभी राहिली. तिने मला दोष दिला नाही. आता दुबार काय पेरावे, एवढेच विचारले. गोदामात उगवण पाहिलेले दुसरे सोयाबीन शिल्लक नव्हते. आक्का म्हणाल्या, “माझ्या घरचं हाय, तीन पिशव्या. एक्याण्णव निघालेत. सांजच्याला घेऊन जा.”

जीपमध्ये बसल्यावर मी विचारले, “आणि तुमचे रान?”

“मूग टाकीन,” त्या म्हणाल्या आणि चिंध्या बांधू लागल्या.

त्यांनी मूगच पेरला. माघात त्या गेल्या. यंदा त्यांची सून दाणे न्यायला आली. तिने चिठ्ठी वाचली आणि पदर पुढे केला. वाक्येही सासूचीच बोलते. ती मी ऐकून घेतो.

झरीहून परतल्यावर, त्या दिवशी पाचच्या सुमारास परत आलेल्या पिशव्या मी वेगळ्या लावल्या आणि प्रत्येकीवर तांबड्या रंगाने फुली मारली. आक्का फाटकाशी रिक्षाची वाट पाहत होत्या. मी समोरच्या दुकानातून एक कुलूप आणले, गोदामाच्या दाराला माझ्या कुलपाशेजारी लावले आणि त्याच्या दोन्ही चाव्या सुतळीत ओवून त्यांच्या बोचक्याला बांधल्या.