तिच्या निबंधावरचं टोपणनाव

मंडळी, हे पत्र वाचून झालं की वसतिगृहाच्या खोलीतल्या बाकीच्यांनाही द्या.

आज दुपारी उरणला आमच्या मिठागराच्या बांधावर पेपर वाचत बसलो होतो. तरुण गणितज्ञांच्या निबंधस्पर्धेचा निकाल छापून आलाय. पहिलं पारितोषिक आपल्या वर्गातल्या सुमनला.

नियम तुम्हाला माहीतच आहे. निबंधावर टोपणनाव घालायचं, खरं नाव बंद पाकिटात. तिचं टोपणनावही छापलंय: ‘मिठागर’.

सुमननं मिठागर कधी पाहिलेलं नाही. मीच तिला सांगायचो, उन्हात पाण्यावर मीठ कसं धरतं ते. मग आपल्या गणिताच्या सरांशी भांडलो आणि तिलाही न सांगता कॉलेज सोडून आलो. चूक सरांची होती, हे आजही म्हणेन. पण तिची काय चूक होती?

शेजारी काका होते. “काय रं, रडतोस व्हय?”

“न्हाय काका, डोळ्यात मीठ गेलं.”

“मग हसतोस कशाला?”

ते नाव तिनं मला कळावं म्हणून घातलं असेल, की नुसता शब्द आवडला म्हणून? अभिनंदनाचं पत्र चार वेळा लिहून फाडलं. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर हे विचारू नका. मी अजून इथेच आहे, एवढं मात्र सांगाल का?