बैलगाडीतून परत आणलेल्या नायिका

आमच्या घरात एक गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. आईचं मन हळवं होतं, म्हणून बाबा तिला कादंबऱ्या वाचून दाखवताना दुःखाचे शेवट बदलून सांगत. मुलगे सांगतात, सुना माझ्याकडे बघून हसतात. आजवर मी गप्प बसलो. आता बायको नाही, आणि ही गोष्ट नातवंडांपर्यंत पोचली आहे. ती चुकीची आहे. खरं मला एकट्यालाच माहीत आहे, तेव्हा मीच लिहितो.

नव्वद सालानंतर आम्ही धुळ्याकडचं गाव सोडून सुरतेत, पांडेसऱ्याला आलो. मी डाइंग मिलमध्ये कापडाच्या घड्या तपासायचो. बायको घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. माझ्या सुट्टीच्या दुपारी शेजारच्या बायाही आपापल्या साड्या घेऊन आमच्या ओट्यावर बसत. हात गुंतलेले, कान मोकळे. मी वाचनालयातून जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या आणून मोठ्याने वाचत असे. वाचायचो मी उत्तम. यात खोटा विनय नको. खाष्ट सासूचा आवाज काढला की बाया त्या सासूला दोन शिव्या घालूनच पुढची टिकली उचलत.

त्या कादंबऱ्या बहुतेक मरणावर संपत. तिथे आलो की मी पुस्तकात बघत मनचंच सांगायचो. नायिका विहिरीच्या काठाशी पोचली की तिचा भाऊ बैलगाडी घेऊन यायचा आणि तिला माहेरी न्यायचा.

एकदा नांदेडकडची शेजारीण म्हणाली, "भाऊ, ह्यो गाडीवाला लई फिरतो बघा. मागच्या पुस्तकातबी ह्योच आलता."

"त्याला आपल्या गल्लीचा पत्ता द्या की," दुसरी म्हणाली. "मलाबी माहेरी जायचंय."

सगळ्या हसल्या. बायको हसली नाही. बाया गेल्यावर बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत तिने आमच्या अहिराणीत विचारलं, "खरं सांगा. ती मरनी ना?"

"तुला कसं कळलं?"

"पान उलटाना आवाज उना नही. शेवटले कधीच येत नही."

शेवट सांगताना मी पान उलटत नाही, हे साडीवरची नजर न उचलता तिने नुसतं ऐकून ओळखलं होतं. मी म्हणालो, "तुला सोसलं नसतं."

"पोर गयी तवय बी तुम्ही हाईच बोलनात."

आमची मुलगी गावी तापाने गेली, तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. मी तिची झबली दुसऱ्याच दिवशी वाटून टाकली. हिला त्रास होतो, तेव्हा घरात पोरीचं नाव काढायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. मग हिला घेऊन सुरतेला आलो. नातेवाईक म्हणाले, काय खंबीर माणूस! मी ते ऐकून घेतलं. वस्तुस्थिती अशी की पोरीचं नाव कानावर पडलं की मीच उठून आत जायचो. सोसत मला नव्हतं. बायकोला मी रडूही दिलं नाही, आणि वर हळवेपणाचा शिक्का तिच्यावर मारला.

त्या दुपारी बायको शांतपणे म्हणाली, "आते खरं वाचा. नही ते मन्हापुढे पुस्तक उघडू नका."

पुढच्या सुट्टीला तीच कादंबरी पुन्हा काढली. शेवटचं प्रकरण मी छापल्याप्रमाणे वाचू लागलो. विहीर आली. गाडी आली नाही. तीच ओळ मी दोनदा वाचली, पुढची वाचता येईना.

"भाऊ, पाणी देऊ का?" नांदेडवाली म्हणाली.

बायकोने पदराला हात पुसले आणि पुस्तक माझ्याकडून घेतलं. ती दुसरीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून, अक्षराला अक्षर जोडत तिने ते पान वाचलं. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. बायांनी तयार साड्या आधी मांडीवरून बाजूला सारल्या, डाग पडला तर व्यापारी माल परत करतो म्हणून, आणि मग डोळ्यांना पदर लावला.

पुस्तक मिटून बायकोने आमच्या मुलीचं नाव घेतलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

"कोण गं ती?" शेजारणीने विचारलं. "कशी होती दिसायला?"

बायको सांगू लागली. मी तिला थांबवलं नाही. उठून आतही गेलो नाही.