साडूच्या विहिरीवरची रेघ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो. ही मात्र विसरायची म्हटली तरी विसरत नाही, कारण मीही कुणाचा तरी साडू आहे.

तेव्हा मी बाभुळगावच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, दोन साडभावायचं विहिरीवरून पेटलं हाये. थोरल्यानं खासगी नकाशा काढून आणला न् धाकट्याच्या विहिरीले तारेचं कुंपण घातलं. नकाशावाल्याले ढाब्यावर मटण खाऊ घालून रेघ सरकवली म्हणते लोकं. धाकटा कुऱ्हाड घेऊन बसला हाये. तुमी या."

शेतीच्या हद्दीचा वाद दिवाणी असतो, पण कुऱ्हाड आमच्या खात्यात येते. जीप काढली.

सासऱ्याला मुलगा नव्हता. त्यानं दोन्ही मुलींना लागून लागून वावर दिलं होतं, दक्षिणेचं थोरलीला, उत्तरेचं धाकटीला. थोरल्या जावयानं आधी विहीर खणली, ती कोरडी निघाली. पुढं धाकट्यानं मधल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागूनच खणली आणि धो धो पाणी लागलं. वडीलकीचा मान म्हणून त्या विहिरीवर नारळ फोडायला थोरल्यालाच बोलावलं होतं. त्यानं हसत नारळ फोडला आणि घरी जाऊन जेवला नाही, असं त्याच्याच बायकोनं मला सांगितलं.

धाकट्यानं त्या पाण्यावर संत्र्याची बाग लावली होती. कुंपण पडल्यापासून मोटर बंद होती आणि कोवळी झाडं माना टाकायला लागली होती.

"साहेब, अजून चार रोज पाणी नाही भेटलं तं बाग गेली माही," धाकटा म्हणाला. "मंग मी कोनाचंच आयकत नाही."

कुऱ्हाड जप्त केली, दोघांना दोन झाडांखाली बसवलं आणि नकाशावाल्याला लॅपटॉपसकट वावरातच बोलावून घेतलं. हा यवतमाळचा तरुण माणूस ड्रोननं फोटो काढून त्यावर हद्दी आखून द्यायचा. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा लागेल म्हटल्यावर त्यानं हात जोडले.

"मटण खाल्लं साहेब, खोटं कायले बोलू? पण रेघ नाही सरकवली. मशीननं देली तशीच टाकली."

लाच खाल्लेला माणूस जेवणसुद्धा नाकारतो. हा जेवण कबूल करत होता, म्हणून मला वाटलं की हा खरं बोलतोय. पण नकाशात तर अर्धी विहीर थोरल्याच्या हद्दीत दिसत होती. मग तोच नकाशा हातात घेऊन मी थोरल्याला सोबत घेतलं आणि त्याच्या वावराची चारही बाजूंनी फेरी मारली. दक्षिणेच्या टोकाला पांदण रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला त्याचा पक्का गोठा. नकाशात मात्र तो गोठा हद्दीच्या बाहेर, पांदणीत उभा होता.

"हा गोठा कोणाचा?"

"माहाच. माह्याच वावरात हाये."

"नकाशा म्हणतो, सरकारी रस्त्यावर आहे. उद्या पाडावा लागेल."

त्यानं नकाशा हिसकावून घेतला. इतके दिवस जवळ असून त्यानं त्या बाजूला नजरच टाकली नव्हती. विहिरीवरची ती एक रेघ पाहिली होती आणि कागद घडी करून ठेवला होता.

लबाडी करणारा एक रेघ सरकवतो. इथं सगळ्याच रेघा सारख्याच उत्तरेला गेल्या होत्या. नकाशावाल्याला लॅपटॉप उघडायला लावला. शोधता शोधता तोच थबकला. मोजणी मीटरमध्ये होती. गावाला फूट कळतात म्हणून त्यानं आकडे नेहमीच्या फुटात केले आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाकताना यादीतून अमेरिकी सर्वेक्षणाचा फूट निवडला. फूटही दोन-तीन जातींचे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. फरक केसाएवढाही नाही, पाच लाख फुटांमागे एक फूट. पण हे आकडे विषुववृत्तापासून मोजत येतात. यवतमाळपर्यंत सत्तर लाखांच्या वर फूट होतात आणि रेघ पंधराएक फूट सरकते.

त्यानं योग्य फूट निवडला. रेघ सरकून धुऱ्यावर आली, गोठा वावरात आला आणि अख्खी विहीर धाकट्याकडे गेली.

थोरल्यानं स्वतःच्या हातानं तार काढली. मोटर सुरू झाली, पाटाला पाणी लागलं. सरकारी मोजणी होईपर्यंत कुणी धुरा ओलांडणार नाही, असा जबाब दोघांनी लिहून दिला. मी जीपमध्ये बसत होतो, तेव्हा थोरला जवळ आला.

"साहेब, रेघ तं समजली. पण पाणी त्याच्याच वावरात काहून लागलं?"

मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.

तेव्हापासून तक्रारदारानं काय दाखवलं त्यापेक्षा त्यानं काय पाहिलं नाही, तिकडं मी आधी बघायला लागलो. नोकरीत त्याचा फार उपयोग झाला. घरी झाला नाही.

माझा साडू नागपूरला असतो. मागं त्यानं घर बांधलं आणि वास्तुशांतीला मानानं मलाच पुढं बसवलं. मी हसत बसलो. मंडळी जेवायला उठली, तेव्हा मी त्याचा हॉल पावलांनी मोजला. माझ्या हॉलपेक्षा मोठा निघाला. कोणत्याही फुटानं मोजला तरी मोठाच निघेल.