चंद्रमतीबाईंच्या पाठमोऱ्या बायका

तंजावुरातल्या मुलींच्या शाळेत चंद्रमतीबाई चित्रकला शिकवत. वर्गात आंबा, कमळ, पितळी घडा. घरी मात्र खिडक्या लावून त्या बायका रंगवत: न्हाऊन केस पिळणाऱ्या, उघड्या पाठीने चटईवर लवंडलेल्या, अंगाला ओलं लुगडं चिकटलेल्या. जलरंग इतका पातळ सोडत की कातडी आतून उजळल्यासारखी दिसे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. हे वेड ठाऊक होतं ते एकट्या कृष्णवेणीला. ही शिवणकाम करणारी शेजारीण. नवरा सदाशिव टॅक्सी घेऊन गेला की येऊन चित्रासाठी पाठमोरी बसे.

चौऱ्याण्णव साली परदेशी पाहुण्यांसाठी गावात नवं हॉटेल निघालं. बाई टपालानं मद्रासच्या एका दुकानाला चित्रं पाठवत; तिथून आणून मॅनेजरनं ती लावली. सही होती दिवंगत वडिलांच्या नावाची, अनिरुद्धराव. चितारी पुरुषच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

मग एका सायंदैनिकात 'अश्लील' म्हणून चित्राचा फोटो आला. दुसऱ्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं हॉटेलात शिरली, काचा फोडल्या, चित्रं फाडली. मॅनेजर म्हणाला, चित्रं मद्रासहून येतात, पत्ता ठाऊक नाही. शाळेत मुख्याध्यापिका चहा पिताना म्हणाल्या, "त्या मेल्या अनिरुद्धरावाचे हात मोडायला हवेत."

"मोडायलाच हवेत," बाई म्हणाल्या. आपल्याच तोंडून बापाला शिवी गेल्यासारखं त्यांना झालं. घरी येऊन त्यांनी नखांतला रंग चिंच लावून घासला, रक्त येईपर्यंत.

त्याच आठवड्यात सदाशिव दारात उभा राहिला.

"अक्का, दार लावा."

त्यानं खिशातून चित्राचा फाटका तुकडा काढला. खांदा, त्यावर भाजल्याचा डाग. "पाहुण्यांना सोडायला गेलों तेव्हा फरशीवर सापडला. हा डाग दुसऱ्या कोणाचा नाही, माझ्या बायकोचा. आणि ती जाते ती तुमच्याचकडे."

बाईंनी तुकडा हातात घेतला. "तिला काही बोलू नका. मीच बसवली."

"दुसऱ्यानं उचलला असता तर? माझं घर जाळलं असतं, अक्का!" त्याचा आवाज चिरकला. तेव्हा बाईंना कळलं, हा मारायला आलेला नाही. हाही भ्यालेला आहे. "घरात आहे ते सगळं बुडवा. आतांच. मी येथे उभा राहतों."

न्हाणीघरातल्या टबात त्यांनी एकेक कागद सोडला. ओठ गेले, खांदे गेले, पाणी मळकट गुलाबी झालं. सदाशिव दाराच्या फटीतून रस्ता बघत राहिला.

कृष्णवेणी कित्येक महिने फिरकली नाही. पोंगलच्या सुट्टीत मात्र ओल्या केसांनी आली, खिडकी लावली आणि पाठ करून बसली.

"भीती नाही का वाटत गं?" बाईंनी विचारलं.

"वाटते की. त्यांनाही सांगितलं नाही."

बाईंनी रंगांची पेटी उघडली. पुढे पेन्शनीत निघाल्यावरही त्या रंगवत राहिल्या. बाहेर एखादी गाडी थांबली, की कुंचला हवेतच थांबे. ती निघून गेली, की पुन्हा कागदावर येई.