लाकडी हातोडीचा नाद

पेट्रोल आणि तापीचा ओला गाळ यांचा मिसळलेला वास आला, की इच्छापोरच्या रस्त्यावरचा तो खानदेशी मिस्त्री आठवतो. जुन्या मोटरबोटी दुरुस्त करताना तो रुसलेल्या इंजिनाला अहिराणीत विचारी, "काय व्हयनं रे भाऊ?" गिऱ्हाइकांशी मात्र मोजकेच बोले.

त्याच्या शेडमधल्या दोन वापरलेल्या बोटींतून आम्हाला एक निवडायची होती. तांबडी झळाळत होती. निळीचा रंग उडालेला. लेकीला घेऊन नदीत उतरायचे, म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारी, "दादा, भरवशाची कोणती?"

"ताई, दोघं मालक माझेच गिऱ्हाईक. मी कोणाच्या बोटीला नावं ठेवत नाही."

एके सकाळी माझा नवरा तांबडीला होकार देऊ लागला, तेव्हा मिस्त्रीने लाकडी हातोडी माझ्या हाती ठेवली. "माठ घेताना वाजवून बघता ना? तसंच वाजवा."

निळी तळापर्यंत खणखणीत वाजली. तांबडीचा नाद तळाशी बसका, ओलसर झाला. तिच्या अंगात पाणी मुरले होते. मी हातोडी निळीवर टेकवली.

मिस्त्री पहिल्यांदाच मनापासून हसला आणि म्हणाला, "उस्ताद!"