पाचवं मत

माझी मुलगी हल्ली सगळ्याला "छान आहे" म्हणते, आणि मला त्याचाच संशय येतो.

दुसरी एखादी आई म्हणेल, बरं झालं, सुधारली. पण मी हिला ओळखते. लहानपणी मावशीकडे भरल्या टेबलावर पेला नाकाशी नेऊन ही विचारायची, "मावशी, हे दूध कालचं ना?" मावशी तोंडभर हसायची आणि निघताना दारात मला म्हणायची, "पुढच्या वेळी तुझ्या दीडशहाणीला घरूनच खाऊ घालून आण." तेच नाव पडलं. त्या नाकाजिभेवर तिला बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायची नोकरी लागली, तेव्हा तिचे बाबा म्हणाले होते, "आयुष्यभर फुकट नावं ठेवली, आता पगार घेऊन ठेवेल."

तिथे रोज सकाळी पाच जण एका खोलीत बसतात. आधी चहा घ्यायचा नाही, अंगाला अत्तर लावायचं नाही. एक घास, मग कोमट पाण्याचा घोट. पूर्वी प्रत्येकाने भिंतीकडे तोंड करून आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं. ही बिनधास्त "तेल जुनं" लिहायची आणि अख्खा घाणा, म्हणजे एका वेळी भाजलेला सगळा माल, परत जायचा. मग नवे साहेब आले. म्हणाले, चिठ्ठ्या कशाला, आपण एका घरातलेच. आता गोल बसून मोठ्याने सांगायचं. सुरुवात प्रमुख बाईंपासून, शेवट सर्वांत धाकटीवर, म्हणजे हिच्यावर. चौघांचं "छान" ऐकल्यावर पाचवीने काय बोलावं?

आज सुट्टी म्हणून ती घरी आली, ती बिस्किटांचा डबा घेऊन.

"साहेबांनी दिलाय. खास तुमच्यासाठी."

साहेबांची नि आमची ओळख ना पाळख, आणि खास कशासाठी? मी एक तुकडा तोंडात घातला. खवट वास थेट घशापर्यंत गेला. ती मात्र दोन खाऊन मोकळी.

"कसं आहे गं?"

"छान आहे की."

"मला खवट लागतंय."

"आई, तिथे सगळ्यांना आवडलंय. तुला एकटीलाच कसं खवट लागेल?"

हिची जीभ गेली की काय? म्हणून जेवताना मी तिच्या एकटीच्या बटाट्यांत मीठ घातलं नाही. पहिल्याच घासाला ती थांबली.

"आई, मीठ विसरलीस."

"छे! माझ्यात तर बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"मलाही ठीक लागतंय," मी रेटून म्हटलं.

"तुमच्यात असेल. माझ्यात नाहीये," असं म्हणत तिने मिठाची बरणी ओढली.

म्हणजे जीभ शाबूत आहे. दोघांसमोर एकटी ठाम राहण्याची खोडही गेलेली नाही. ती फक्त त्या खोलीच्या दारात गळून पडते.

निघताना बूट घालत म्हणाली, "उद्या मोठ्या घाण्याची चव आहे. प्रमुख बाई निवृत्त होताहेत. उद्याचं सुरळीत पार पडलं तर खुर्ची माझी, असं साहेब म्हणालेत."

"तेल डब्यातल्या बिस्किटांचंच?"

तिने नाडीवरून मान वर केली नाही. "पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का?"

हे बोलणं मावशीचं. आमच्या दीडशहाणीचं नव्हे.

खुर्ची मलाही हवी आहे. तिच्या खोलीचं भाडं वाढलंय, आणि अशी नोकरी दुसरीकडे कुठे मिळणार? पण त्या खुर्चीत बसली की पहिलं "छान" तिचं असेल, आणि ते ऐकून बाकीचे माना डोलावतील. साहेबांना नेमकं तेच हवं असणार. डबा उगीच नाही आला.

रात्री हे कूस बदलत म्हणाले, "झोप आता. सकाळी बोल तिच्याशी." सकाळी ती फोन बाहेर ठेवून त्या खोलीत गेलेली असेल. आत्ता तिची झोपमोड होईल, चिडेल, चिडू दे. तिला एवढंच सांगायचंय, की उद्या आपली पाळी येईपर्यंत थांबू नकोस, सगळ्यांच्या आधी बोल.

चष्मा सापडला. लावते फोन.