साखरपुड्याचे फोटो

आमचं लग्न कुठे करावं, यावर जर्मनीत हॅनोव्हरमधल्या माझ्या ऑफिसात प्रत्येकाचं मत होतं. मी पुण्याची, इथे गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. तो पेरूचा. त्याच्या देशाच्या नावावरून व्हायचे तेवढे विनोद पुण्यात होऊन गेलेत, इथे नकोत. कायझर्सलाउटर्नला त्याचं शिक्षण संपलं होतं, आणि नोकरी शोधायला मिळालेली मुदत हिवाळ्याआधी संपणार होती. तोवर लग्न झालं तर बायको म्हणून माझी इथली नोकरी त्याच्या कामी येणार, तो इथे राहणार. नाही झालं तर परत लिमा.

इथल्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्न लावणाऱ्या सरकारी कचेरीत, बाईंनी दोन्ही देशांचे कागद, त्यांची भाषांतरं आणि वर पडताळणी मागितली. “आल्झो, तर मग वर्ष धरून चाला,” म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. पुण्यात करावं तर महिन्याची नोटीस, आणि नंतर व्हिसा मिळेपर्यंत त्याने माझ्या माहेरी बसून राहायचं. राहता राहिलं डेन्मार्क. कागद कमी, आणि तिथलं लग्न इथे चालतं.

साखरपुड्यासाठी आलेली आई तेव्हा अजून माझ्याकडेच होती. डेन्मार्क ऐकून तिने लाटणं खाली ठेवलं.

“म्हणजे पळून जाऊन.”

“अगं, तुला सांगून जातोय ना.”

“गुरुजी नाहीत, मामा नाही, नुसते साक्षीदार आणि सह्या. आमच्यात याला पळून जाणंच म्हणतात. मी काही येणार नाही.”

“नको येऊस,” मीही म्हटलं. मग बरेच दिवस आमचं बोलणं भाजीत मीठ पडलंय का, एवढ्यापुरतंच उरलं.

अर्ज मी भरला. आमचं नातं खरं आहे याचा पुरावा म्हणून तिकडच्या कचेरीला फोटो हवे होते. मी हौसेने साखरपुड्याचे पाठवले. त्याच्या डोक्यावर फेटा, मला हिरवी साडी, दोघांच्या गळ्यात हार, तो मला पेढा भरवतोय. हारांचा हट्ट आईचा, कारण फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार होते. आणि उत्तर काय आलं? तुमचं लग्न आधीच झालेलं दिसतंय. झालं असेल तर इथे पुन्हा लावता येणार नाही. झालं नसेल तर खुलासा करा.

आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता मी. डॅनिश माणसाला साखरपुडा समजावायचा तरी कसा? ओट्याशी उभी राहून सरळ रडायलाच लागले.

आईने मोबाइल ओढून घेतला, चष्मा लावला, मला अर्थ विचारत सगळं वाचलं आणि भडकली. माझ्यावर नाही, डेन्मार्कवर.

“लग्न झालंय म्हणे. मंगळसूत्र दिसतंय का कुठे? घे, लिही.”

ती येरझाऱ्या घालत सांगत गेली. अंतरपाट धरलेला नाही. मंगलाष्टका झालेल्या नाहीत. सप्तपदी नाही, मंगळसूत्र नाही. याशिवाय आमच्यात लग्न होत नाही, पेढ्याने तर मुळीच होत नाही. सबब मुलगी अविवाहित आहे, आणि तिचं लग्न आपल्याकडे लवकरात लवकर लागावं अशी माझी इच्छा आहे.

“खाली घाल, मुलीची आई.”

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती पोळपाट धूत होती.

परवानगी आली. डेन्मार्कमधल्या त्या छोट्या गावाच्या कचेरीत एक साक्षीदार तिथल्याच कारकून बाई होत्या, दुसरी माझी आई. तिने सही अशी ठसठशीत केली, की लग्न तिचंच असावं. त्याने हसत खिशातून मोबाइल काढला.

“थांबा हो,” आई त्याला म्हणाली. जावई झाल्याबरोबर त्याचा ‘अहो’ झाला होता.

पर्समधून तिने कोरं पांढरं कापड काढलं, त्यावर कुंकवाने ‘श्री’ काढलेला. एक टोक कारकून बाईंच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरलं, आम्हाला दोन बाजूंना उभं केलं आणि बेसूर आवाजात मंगलाष्टका म्हटल्या. डॅनिश बाई दोन्ही हातांनी टोक धरून श्वास रोखून उभ्या. मग सह्यांच्या टेबलाशेजारून सात पावलं, मग मंगळसूत्र. मला हसू आवरेना आणि रडूही. आई यावी, एवढंच तर मला हवं होतं.

तिने कापडाची घडी घातली, आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि पदर सारखा केला.

“हं, आता काढा फोटो.”